अलास्काच्या किनाऱ्यावर सापडलेला सुळा

आपल्याला सापडलेला सुळा वॉलरसचाच (लांब सुळ्यांच्या सागरी सस्तन प्राण्याचाच) आहे का, हे रंगावरून ठरवू नये, कारण मातीत वर्षानुवर्षे पडलेला सुळा गडद तपकिरीही होतो. तुटलेले टोक भिंगाखाली पाहावे: बाहेर गुळगुळीत थर आणि आत भिजवलेल्या साबुदाण्यासारखा दाणेदार गाभा दिसला, तर तो वॉलरसचा, हत्तीच्या दातात असा गाभा नसतो, तिथे एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसतात. (खात्रीसाठी करवत चालवण्याचा मोह मात्र आवरावा.)

आता कायद्याचे. अमेरिकेच्या १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानुसार अलास्काचा मूळनिवासी नसलेल्या व्यक्तीलाही समुद्रापासून पाव मैलाच्या आत पडलेला सुळा उचलता येतो. परंतु ३० दिवसांच्या आत अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेकडे त्याची नोंद करणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलू नये, आणि खाजगी किंवा मूळनिवासींच्या जमिनीवर आधी परवानगी घ्यावी. नवखे लोक नेमके इथेच चुकतात. नोंद झाली तरी असा सुळा विकता येत नाही. भारतात परतताना तो परवान्याविना सामानात टाकू नये.