डिप्लोमा राहू द्या, आधी लेकीला विचारा

प्रश्न: माझी मुलगी 23 वर्षांची आहे. बीएस्सी बायोटेक 64 टक्के, नंतर डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. दोन वर्षं कोपरखैरण्याला पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, म्हणजे रक्त काढते. तिला औषधांच्या क्लिनिकल ट्रायलमधल्या लॅब रिपोर्टचे आलेख करायला आणि वाचायला शिकायचं आहे. आलेख तर आता कॉम्प्युटर आपोआप काढतो, त्यात करिअर कसलं? मी ठाण्यातल्या एका संस्थेत क्लिनिकल रिसर्चच्या सहा महिन्यांच्या डिप्लोमासाठी 15 हजार ॲडव्हान्स भरला आहे. एकूण फी 1 लाख 80 हजार, प्लेसमेंटची हमी. ती नको म्हणते. एमबीए केलं तरी चालेल. स्थळं बघतोय, मुलगी काय करते असं विचारलं की सांगायला अवघड वाटतं. मी स्वतः रबाळ्याच्या केमिकल कंपनीत 28 वर्षं क्वालिटी कंट्रोलला होतो. मार्ग सुचवावा. – एक वडील, कळवा

उत्तर: तुमच्या पत्रात मार्क आहेत, फी आहे, स्थळं आहेत. मुलगी नको का म्हणते, हे मात्र कुठेच नाही. तुम्ही विचारलं असतंत तर एखादं वाक्य तरी आलं असतं. स्वतः कमावणाऱ्या मुलीच्या नावाने पैसे भरून टाकायचे आणि मग ती ऐकत नाही म्हणून मार्गदर्शन मागायचं, हा क्रम उलटा आहे. पाहुण्यांना सांगायला बरं वाटावं म्हणून एमबीए करायचं असेल, तर तो खर्च लग्नाच्या खात्यात धरा, शिक्षणाच्या नको.

दुसरं, ती ‘रक्त काढते’ हे. सकाळी पेशंट यायच्या आधी लॅबमधल्या मशीनवर कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेला नमुना चालवतात, त्याचं उत्तर एलजे (लेव्ही-जेनिंग्ज) चार्टवर टाकतात, सरासरीच्या दोन्ही बाजूंना दोन एसडी, तीन एसडीच्या (प्रमाणित विचलनाच्या) रेषा असतात. एक बिंदू तीनच्या बाहेर गेला की पेशंटचे रिपोर्ट रोखून कारण शोधायचं. ओळखीचं वाटतंय ना? तुम्ही प्लांटमध्ये जे कंट्रोल चार्ट भरलेत, त्याच कुळातलं हे काम. तुमची लेक तुमच्याच वळणावर गेली आहे आणि नेमकं तेच सांगायला तुम्हाला अवघड वाटतंय.

आता ‘कॉम्प्युटर आपोआप काढतो’ याबद्दल, कारण गैरसमजाचं मूळ तिथे आहे. काढतो, हे खरं. प्रोग्रॅम एकदा लिहिला की शेकडो आलेख एका रात्रीत तयार होतात. पण त्यातला वर उडालेला ठिपका औषधामुळे आहे, आजारामुळे आहे की रक्त गोळा केलेल्या नळीमुळे, हे आलेखावर लिहिलेलं नसतं. समजा, एका पेशंटचं पोटॅशियम 4.2 वरून एकदम 7.8 झालं आणि त्याच तारखेला कॅल्शियम निम्म्यावर आलं. नुसतं कोडिंग शिकलेला मुलगा त्याला लाल रंग देऊन पुढे जाईल. लॅबमध्ये काम केलेल्या माणसाला लगेच शंका येते की जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त साध्या नळीत ओतलं असावं. त्या नळीतल्या ईडीटीएमध्ये, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात, पोटॅशियम असतं आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवतं. नुसतंच पोटॅशियम वाढलेलं असेल तर नमुना हिमोलाइज झाला, म्हणजे त्यातल्या तांबड्या पेशी फुटल्या होत्या का, सीरम वेगळं करायला उशीर झाला का, हे आधी बघायचं. ही नजर सहा महिन्यांच्या वर्गात विकत मिळत नाही, आणि तुमच्या मुलीकडे ती असणार.

यकृताच्या सुरक्षिततेसाठीचा ई-डिश नावाचा आलेख घ्या. यात एका पेशंटचा एकच ठिपका. आडव्या अक्षावर त्याचा ट्रायलमधला सर्वांत जास्त एएलटी, म्हणजे आपल्या रिपोर्टवरचा एसजीपीटी हा यकृताचा एन्झाइम; उभ्या अक्षावर सर्वांत जास्त एकूण बिलिरुबिन. दोन्ही आकडे त्या-त्या लॅबच्या नॉर्मलच्या वरच्या मर्यादेने भागायचे आणि अक्ष लॉग स्केलवर, म्हणजे समान अंतराला समान पट, असे ठेवायचे. भागायचं कशासाठी? एका लॅबची वरची मर्यादा 40 आणि दुसरीची 55 असेल, तर 120 हा आकडा पहिलीत तिप्पट होतो, दुसरीत सव्वादोन पटही होत नाही. मग एएलटीच्या 3 पटीवर आणि बिलिरुबिनच्या 2 पटीवर रेषा मारायच्या. उजवीकडच्या वरच्या चौकोनात पडलेला प्रत्येक ठिपका स्वतंत्रपणे तपासायचा. हाय झिमरमन या यकृततज्ज्ञांच्या निरीक्षणावरून या निकषाला ‘हाय्ज लॉ’ म्हणतात आणि एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत तो आहे.

पण ठिपका त्या चौकोनात पडला म्हणजे औषध दोषी, असं नाही. एएलटीचं शिखर दुसऱ्या आठवड्यातलं आणि बिलिरुबिनचं विसाव्या आठवड्यातलं असू शकतं. आलेख ती तारीख लपवतो. म्हणून लगेच त्या पेशंटचा काळानुसारचा आलेख उघडायचा. अल्कलाइन फॉस्फेटेज हा दुसरा एन्झाइमही वाढला असेल तर पित्तनलिकेतला अडथळा मनात आणायचा. बिलिरुबिन एकटंच वर असलेले ठिपके डाव्या बाजूला वर जातात, त्यांत गिल्बर्ट सिंड्रोमची, म्हणजे जन्मतःच बिलिरुबिन थोडं जास्त असणारी पण धोका नसलेली माणसं असतात. अंतिम निदान अर्थात डॉक्टरांचं, पण त्यांच्यापुढे कोणते पेशंट ठेवायचे ते या कामातून ठरतं.

भेटीनुसारचे बॉक्स प्लॉट, म्हणजे प्रत्येक भेटीतल्या सगळ्या पेशंटच्या आकड्यांचा पसारा चौकटीत दाखवणारे आलेख, दिसायला सोपे आणि फसवायला पटाईत. प्रत्येक बॉक्सखाली पेशंटची संख्या छापलीच पाहिजे. यकृत बिघडलेल्यांनी औषध सोडलं की शेवटच्या आठवड्यांत उरतात ते ठणठणीत, आणि औषध हळूहळू निर्धोक होत गेल्यासारखं दिसतं. डॉक्टरांनी मधेच बोलावून केलेली तपासणी ठरलेल्या भेटींत मोडत नाही, म्हणून पुष्कळदा अशा आलेखातून गळते. सर्वांत वाईट आकडा नेमका तिथेच असतो. एका केंद्राने क्रिएटिनिन मिलिग्रॅमऐवजी मायक्रोमोलमध्ये पाठवलं तर 1.1 च्या जागी 97 येतात आणि बाकी सगळे ठिपके तळाला चिकटतात. ‘0.2 पेक्षा कमी’ असा आलेला रिपोर्ट आकड्यांच्या रकान्यात रिकामा होतो, हे तर रोजचंच.

या क्षेत्रात तिला सगळी दारं उघडी आहेत असं मात्र समजू नका. बायोस्टॅटिस्टिशियन, म्हणजे ट्रायलचं संख्याशास्त्र बघणारा तज्ज्ञ, व्हायला साधारणपणे संख्याशास्त्रातली किंवा बायोस्टॅटिस्टिक्समधली एमएस्सी लागते. बायोटेकच्या बीएस्सीवर ते पद मिळेल असं कोणी सांगत असेल तर तो तुम्हाला फसवतोय. एमबीएची सीईटी असो की आयआयटीची जॅम ही एमएस्सीची प्रवेश परीक्षा, तिला स्वतःला द्यावीशी वाटली तरच द्यावी. गोवंडीच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत बायोस्टॅटिस्टिक्स आणि डेमोग्राफीची एमएस्सी आहे, पात्रतेच्या अटी तिने स्वतः वाचाव्यात. तिच्यासाठी जवळचा दरवाजा क्लिनिकल डेटा मॅनेजमेंटचा: लॅबचा डेटा जुळवणं, विसंगती सापडली की हॉस्पिटलला क्वेरी पाठवणं. तिथून प्रोग्रॅमिंगकडे जाता येतं.

त्यासाठी नोकरी सोडायची गरज नाही. आर ही भाषा फुकट आहे, शिकणाऱ्यांसाठी सॅस हे कंपन्यांत वापरलं जाणारं सॉफ्टवेअरही ऑनलाइन फुकट मिळतं. ट्रायलच्या डेटाचे साचे ठरवणाऱ्या सीडिस्क या संस्थेच्या पायलट ट्रायलचा 254 पेशंटचा डेटा सर्वांना खुला आहे, त्यात लॅबची फाइल कंपन्यांत असते त्याच साच्यात मिळते. तिने त्यावर चारच आलेख करावेत: भेटीनुसार बॉक्स प्लॉट, सुरुवातीचा आकडा आडवा आणि नंतरचा सर्वांत जास्त आकडा उभा असा स्कॅटर, ई-डिश, आणि एका पेशंटचा पूर्ण आलेख. स्कॅटरमध्ये दोन्ही आकडे सारखे असलेली तिरकी रेषा काढायला विसरू नये. रेषेच्या वर गेलेल्या पेशंटचा आकडा वाढलेला. प्रत्येक आलेखाखाली चार ओळींत लिहावं की काय दिसलं, काय तपासायला हवं आणि तो ठिपका खोटा असण्याची शक्यता कुठे आहे. मुलाखतीला जाताना सोबत हीच पानं. इंग्रजीत लिहावीत आणि दोन महिने नेटाने, रोज तासभर.

15 हजारांचं म्हणाल तर संस्थेकडे तीन गोष्टी लेखी मागा: मागच्या बॅचची मुलं कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर लागली, नोकरी न मिळाल्यास फी कधी आणि किती परत, आणि कोर्समध्ये विद्यार्थी स्वतः किती डेटावर काम करतात. उत्तर टाळलं तर ॲडव्हान्स परत मागा, नाही मिळाला तर सोडून द्या, पण उरलेले 1 लाख 65 हजार भरू नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या. डेटा मॅनेजमेंट की प्रोग्रॅमिंग, हा प्रश्न तिचा आहे आणि त्याचं उत्तर तिच्या आलेखांवरून देता येईल.