वाया जाणारं सेमिस्टर

मी समुपदेशक. फोनवरचं पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मला हल्ली आपोआप कळतं. “मॅडम, मुलगी कॉलेजातर्फे एका सेमिस्टरसाठी युरोपला जायचं म्हणतेय. तिथे म्हणे फिरणंच जास्त असतं. अभ्यासाचं काय?” कॉलेज एखाद्या ख्रिस्ती विद्यापीठाचं असेल, तर पुढचं वाक्य जरा हळू आवाजात येतं. “आणि तिथे धर्माचा विषय कंपल्सरी आहे.”

असंच एक कुटुंब कॅलिफोर्नियातलं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांची सकाळ साडेसात, माझी पुण्यातली रात्र आठ. बाबा मूळचे फलटणकडचे, आई नाशिकची. लेक मालिबूच्या पेपरडाइन विद्यापीठात बायोलॉजी शिकणारी, पुढे मेडिकलला जायचं ठरवलेली. हे विद्यापीठ चर्चेस ऑफ क्राइस्ट या पंथाशी जोडलेलं आहे. दुसऱ्या वर्षी तिला जर्मनीत हायडेलबर्गला जायचं होतं. विद्यापीठाचा तिथला कार्यक्रम १९६३ पासूनचा, त्यांच्या परदेशी कार्यक्रमांत सगळ्यात जुना.

पहिल्या दिवशी बाबांनी स्क्रीनवर एक्सेल उघडलं. कोर्स, त्याचे क्रेडिट म्हणजे डिग्रीत मोजली जाणारी एककं, एका क्रेडिटला किती डॉलर. लेक गप्प.

“कोर्सची यादी वाचलीत का?” मी विचारलं.

“वाचायचं काय त्यात? जर्मन, आर्ट हिस्ट्री, रिलिजन. यातलं मेडिकलला काय कामाला येणार?”

इथे थोडं थांबते, कारण पहिली चूक बहुतेक घरांत इथेच होते. कार्यक्रम मुलांच्या स्वतःच्या विद्यापीठाचा असेल, तर तिथले कोर्सही सहसा त्याच विद्यापीठाचे असतात. मग ‘क्रेडिट मिळतील का’ हा प्रश्नच उरत नाही. हा कोर्स डिग्रीतली कुठली जागा भरतो, एवढंच बघायचं असतं. अमेरिकेत बहुतेक कॉलेजांत बायोलॉजीवाल्यालाही परदेशी भाषा, कला, मानव्यविद्या यांतलं काही ना काही करावंच लागतं, आणि पेपरडाइनसारख्या ठिकाणी धर्माचे कोर्सही. ते हायडेलबर्गला उरकले की मालिबूत प्रयोगशाळेच्या विषयांना जागा मोकळी होते. अडतं ते क्रमाने घ्यायच्या विषयांपाशी. ऑरगॅनिक केमिस्ट्रीचा पहिला भाग एका सत्रात, दुसरा पुढच्या. मधलं सत्र बाहेर गेलं तर साखळी तुटते. म्हणून निदान वर्षभर आधी बसून आखणी करायची. शिवाय त्या सत्रात अमेरिकेहून कोण प्राध्यापक जाणार, त्यावरही काही कोर्स ठरतात. गेल्या वर्षीच्या यादीवर विसंबू नये.

आणि ही चौकशी मुलांनी करायची, वडिलांनी नाही. ॲडव्हायझरला ईमेल मुलीने लिहायचा, चार वर्षांचा तक्ता तिने मांडायचा. आठ दिवसांनी तिने तो मांडला. सगळं बसत होतं. मला बरं वाटलं, जरा लवकरच.

आईंचा प्रश्न वेगळा होता. “ताई, पोरगी एकटी. उगाच कुणी डोक्यात काही भरवलं तर?”

“तुमची शाळा कुठली?”

“कॉन्व्हेंट.” मग स्वतःच हसल्या. दहा वर्षं रोज सकाळी म्हटलेली येशूची प्रार्थना त्यांना अजून तोंडपाठ होती, आणि गौरी त्यांच्याच घरी बसतात. मी मिशनऱ्यांनी काढलेल्या विल्सन कॉलेजची, हेही सांगून टाकलं. पण त्यांना खरा धीर दिला तो लेकीने. म्हणाली, “आई, तिथे इतिहास रस्त्यावर दिसतो गं. ज्याच्यापासून प्रोटेस्टंट पंथ सुरू झाला तो मार्टिन ल्यूथर १५१८ मध्ये त्या गावात येऊन वाद घालून गेला. १५६३ मध्ये तिथेच १२९ प्रश्नोत्तरांचं धर्माचं पुस्तक निघालं. आणि गावातल्या मोठ्या चर्चमध्ये मधोमध भिंत होती, एका बाजूला कॅथलिक, एका बाजूला प्रोटेस्टंट. १९३६ पर्यंत!”

“एकाच छपराखाली?” आईंनी विचारलं. वाटणी झालेल्या वाड्याबद्दल विचारावं तसं.

मी एवढंच जोडलं की ख्रिस्ती विद्यापीठात श्रद्धेची चौकट असते, ती असल्याचं ते लपवत नाहीत. तिथे प्रवेश घेतला तेव्हाच ती तुम्ही मान्य केली होती. हायडेलबर्गला गेल्याने त्यात नवीन काही घडत नाही.

चौथ्या बैठकीत मला वाटलं, आता आवरायचं. तेवढ्यात बाबा म्हणाले, “तक्ता ठीक आहे. तरी सेमिस्टर वाया जाणारच.”

तो ‘च’. इतक्या वर्षांत मी एक शिकले आहे: आपल्याला छळतं ते घडणाऱ्या गोष्टीपेक्षा वाक्याच्या शेवटी चिकटलेलं हे अक्षर. मी तीन बैठका तक्ता दुरुस्त करत बसले होते. पण बाबांचा प्रश्न त्या तक्त्यातला नव्हताच.

“तुमच्या घरी ‘वाया’ कुणाचं गेलं होतं?”

बराच वेळ कुणी बोललं नाही. माझं नेट गेलं की काय, असं वाटून मी स्क्रीनकडे पाहिलं.

“माझं,” ते म्हणाले. “बारावीला मेडिकल हुकलं. परत बसलो, परत हुकलं. मग इंजिनिअरिंगला गेलो. घरी कोणी आलं की आमचे दादा सांगायचे, याचं वर्ष वाया गेलं.”

“त्या वर्षी काय करत होतात?”

“अभ्यास. आणि संध्याकाळी स्टँडसमोर एकांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, तिथे बसायचो.” मग ते बोलतच राहिले. दुकानाचं शटर, कढईतल्या भज्यांचा वास, सोल्डरिंगने भाजलेलं बोट, पावसात बंद पडलेला मर्फी रेडिओ. दहा मिनिटं गेली असतील. “गंमत बघा मॅडम, इंजिनिअरिंगच्या चार वर्षांतलं मला यातलं निम्मंही आठवत नाही.”

“बाबा, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत,” लेक म्हणाली.

“सांगण्यासारखं काय होतं त्यात?”

मी काहीच बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं हे निम्मं काम असतं, आणि ते मला साधायला फार वर्षं लागली.

बाबा एकदम विरघळले, असं मात्र नाही. मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी येणारा उन्हाळा पूर्ण द्यायचा, ही अट त्यांनी घातलीच, आणि ती वाजवी होती. जे पालक अशी एखादी स्पष्ट अट घालतात, त्यांचं मला बरं वाटतं. मोघम नाराजी मुलांबरोबर विमानात बसते.

शेवटच्या बैठकीत गप्पांच्या ओघात त्यांचं कुलदैवत खंडोबा निघालं. मी सहज म्हटलं, हायडेलबर्ग विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत गुंथर सोन्थायमर नावाचे प्राध्यापक होते. धनगरांचा आणि खंडोबाचा अभ्यास करण्यात त्यांनी हयात घालवली. १९९२ मध्ये वारले.

“जर्मन माणूस? धनगरांचा अभ्यास?”

“हो.”

त्यांनी नाव दोनदा विचारून घेतलं. मग स्क्रीनवर तेच एक्सेल उघडलं आणि आर्ट हिस्ट्रीच्या खाली एक नवी ओळ घातली: सोन्थायमर, संस्था बघून येणे. क्रेडिटचा रकाना त्यांनी रिकामा ठेवला.