पाचक नव्हे, रेचक तर नव्हेच

गिरगावातल्या एक वाचक बाई विचारतात: जेवलेलं तासन्‌तास पोटात तसंच बसून राहतं म्हणून डॉक्टरांनी डॉमपेरिडोन दिलं. केमिस्ट तिला 'पाचक गोळी' म्हणतो, भाचा 'रेचक' म्हणतो. बरोबर कोण?

कोणीच नाही. हल्ली मुंबईत पोटाची कुठलीही गोळी सरसकट 'पाचक' झाली आहे, ऐकून कान किटले. पाचक म्हणजे पचवणारं. ही गोळी अन्नाचा एक कणही पचवत नाही. रेचक हा रिच् धातूतला, रिक्त आणि रिता यांचा सख्खा भाऊ. कोठा रिता करणं हेही हिचं काम नव्हे.

जठर-आतड्यांच्या भिंतीत, स्नायूंच्या दोन थरांमध्ये, मज्जातंतूंचं जाळं असतं. तिथे ॲसिटिलकोलीन हे निरोप पोचवणारं रसायन सुटलं की स्नायू आवळतो. डोपामिन हे दुसरं रसायन ते सुटण्याला आवर घालतं. डॉमपेरिडोन डोपामिनची जागा अडवून बसतं, म्हणजे ब्रेकवरचा पाय काढतं. याच कामाचं दुसरं औषध, इटोप्राइड, हे तर करतंच, वर ॲसिटिलकोलीन मोडणाऱ्या विकरालाही (एन्झाइमलाही) रोखतं. तिसऱ्या, मोसाप्राइडची वाट वेगळी: ते सेरोटोनिन या आणखी एका रसायनाच्या एका ग्राहीला, म्हणजे ते झेलणाऱ्या जागेला, चेतवून ॲसिटिलकोलीन जास्त सोडायला लावतं.

अशा औषधांना आमचे कोशप्रेमी स्नेही 'जठरांत्रगतिवर्धक' म्हणा म्हणतात. उच्चारतानाच ढेकर यावा असा शब्द! शिवाय तो अपुरा. गती वाढली, पण कुठल्या दिशेने? बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 1899 साली दाखवलं की आतड्यात घास असतो तिथे वरची बाजू आवळते आणि खालची सैलावते, म्हणून तो पुढेच सरकतो. दिशा हाच तर मुद्दा आहे. आणि दिशा सांगणारा शब्द आपल्याकडे शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेदकारापासून पडून आहे: अनुलोमन.

लोम म्हणजे केस. अंगावरची 'लव' याच लोमातून आली. लव ज्या अंगाने झुकते त्या अंगाने हात फिरवला तर अनुलोम, उलटा फिरवला तर प्रतिलोम. मांजर पाळणाऱ्यांना हे सांगायला नको. आता गंमत बघा: लहान आतड्याच्या आतल्या अंकुरांना शास्त्रज्ञांनी जे लॅटिन नाव दिलं, 'विलस', त्याचाही अर्थ केसांचा झुबकाच! शार्ङ्गधराला हे अंकुर दिसले असतील असं मी म्हणत नाही, पण शब्द असा चपखल बसल्यावर हरखू नये तर काय करावं? शिवाय उलटी म्हणजे सरळसरळ प्रतिलोम, आणि डॉमपेरिडोन उलटीवरही देतात.

एक वैद्यमित्र यावर नाक मुरडतात: 'अनुलोमन हिरड्याचं, ॲलोपथीच्या गोळीचं नव्हे.' अहो, शार्ङ्गधराने केलेल्या अनुलोमनाच्या व्याख्येत हिरडा 'यथा' म्हणून आला आहे. 'यथा'चा अर्थ 'जसं की', 'फक्त' नव्हे. तिथे बोलणं मलाबद्दल आहे, जठरातल्या घासाबद्दल नाही, हा त्यांचा दुसरा आक्षेप मात्र खरा. पण शब्दाने इतकंही अंग पसरू नये का?

केमिस्टकडे मात्र अनुलोमन मागू नका, हिरड्याचं चूर्ण हातात पडेल. चिठ्ठीवरचं नाव वाचून दाखवा, आणि हृदयाच्या ठोक्यांची काही तक्रार असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर आधी घाला. याच कुळातलं सिसाप्राइड ठोके बिघडवतं म्हणूनच 2011 मध्ये आपल्याकडे बंद झालं.