एकही कागद नसलेल्या आश्रयार्थीची ओळख सरकार कशी पटवतं?

पासपोर्ट, जन्मदाखला काहीच नसलेला माणूस खरं बोलतोय हे कसं ठरवतात आणि त्याला सरळ परत का पाठवत नाहीत, असं तुम्ही विचारलंय. मी निर्वासितांचा कायदा शिकवतो, म्हणून लिहितो.

आधी दुसरा भाग. १९५१च्या निर्वासित करारानुसार जिथे जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका आहे तिथे परत पाठवता येत नाही (कलम ३३). कागद नाहीत एवढ्यावरून अर्ज खोटा ठरत नाही. ज्या सरकारच्या भीतीने पळायचं, त्याच्याच दारात पासपोर्टसाठी कोण उभं राहील? चौकशीसाठी त्याच्या दूतावासाला फोनही करायचा नसतो. मागे राहिलेले नातेवाईक गोत्यात येतात.

मग बोटांचे ठसे घेतात. युरोपात २००३पासून ‘युरोडॅक’ आहे, म्हणजे आश्रयार्थींच्या ठशांचा तिथल्या देशांचा सामायिक संगणकीय साठा. पण ठशांवरून हा माणूस आधी दुसऱ्या देशात नोंदवला गेला होता का, एवढंच कळतं. खरं नाव, गाव नाही. जर्मनीने बोली ओळखणारं सॉफ्टवेअर आणलं, मोबाइलही तपासले. नोंदणीच्या वेळी सरसकट होणारी मोबाइलची ही झडती तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०२३मध्ये बेकायदा ठरवली. बरंच झालं, असं माझं मत.

खरी भिस्त मुलाखतीवर. शाळेत कुठली भाषा होती, बाजाराला कुठल्या रस्त्याने जायचात, असं खोदून खोदून विचारतात. हकीगत सुसंगत असेल आणि माणसाने मिळण्याजोगे पुरावे द्यायचा प्रामाणिक प्रयत्न केला असेल, तर उरलेल्या शंकेचा फायदा त्यालाच द्यावा, असं संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची मार्गदर्शिका सांगते. प्रत्यक्षात ते अधिकाऱ्यावर आणि (हे कोणी फारसं बोलत नाही) दुभाष्यावर अवलंबून असतं.

सगळ्यात घोळ तारखांचा. अफगाणिस्तानच्या जुन्या कागदी तजकिऱ्यावर, म्हणजे तिथल्या ओळखपत्रावर, बऱ्याचदा जन्मतारीख नसतेच. ‘१३९० साली वय १८’ असं लिहिलेलं असतं. ते त्यांचं सौर वर्ष, म्हणजे आपलं २०११-१२; त्यातून १८ वजा केले की जन्म साधारण १९९३चा. पण परदेशातल्या फॉर्मला दिवस आणि महिना लागतोच. मग कारकून १ जानेवारी टाकतो. पुढच्या मुलाखतीत तो बिचारा ‘मी उन्हाळ्यात जन्मलो, आई सांगायची’ म्हणाला, की जबाबात विसंगती!

बाकी, वैध प्रवासी कागद नसलेल्या निर्वासिताला ओळखपत्र द्यायची जबाबदारी कराराच्या २७व्या कलमाने यजमान देशावरच टाकली आहे. त्या कार्डावरही बहुतेक तीच १ जानेवारी छापून येते.