वाचक विचारतात: सुया, लोकर आणि परदेशवारी

दिवाळी उरकली की परदेशी जाणाऱ्यांची लगबग सुरू होते आणि या सदरात येणारे प्रश्न पण बदलतात. एरवी गळा कसा सोडायचा, बाही का ओढली जाते असं विचारणाऱ्या मैत्रिणी आता बॅगेत काय भरू, तिकडून काय आणू ते विचारताहेत. या वेळच्या पत्रांतली जी बऱ्याच जणांच्या उपयोगाची वाटली ती घेतलीयेत, थोडी छोटी करून.

प्रश्न: ताई, लेकीच्या बाळंतपणासाठी जानेवारीत न्यू जर्सीला जातेय, सहा महिने तरी राहीन. बाळाचं दुपटं, टोपडं, मोजे सगळं हाताने विणायचं मनात आहे. विमानात सुया नेऊ देतात का? लोकर इथून नेऊ का तिथे घेऊ? आणि दिवसभर घरात एकटी बसून कंटाळा येईल अशी भीती वाटतेय. (एक आजी, नाशिक)

उत्तर: काकू, किती छान कारणाने चाललात! आधी सुयांचं सांगते. अमेरिकेच्या विमानतळ सुरक्षेच्या यादीत विणायच्या सुया हातातल्या बॅगेत चालतात असं स्पष्ट दिलंय, इंग्लंडच्या सरकारी यादीतही चालतात, पण तुमचा प्रवास सुरू होणार इथून आणि सिक्युरिटीला उभा असलेला माणूस नाही म्हणाला की विषय संपला, तिथे वाद घालून काही होत नाही. म्हणून आवडत्या सुया चेक-इनच्या बॅगेतच टाका. हातात काम हवंच असेल तर आधी एअरलाइनला विचारून एखादी बांबूची, वायरवाली गोल सुई ठेवा आणि सिक्युरिटीच्या आधी टाके एका जाड दोऱ्यावर उतरवून घ्या, म्हणजे सुई काढून घेतली तरी विणलेलं वाचेल. धागा कापायचं ते लॉकेटसारखं गोल कटर असतं ना, आत ब्लेड असलेलं, ते मात्र अमेरिकेत हातातल्या बॅगेत चालत नाही, ते पण मोठ्या बॅगेत.

आता नंबरचं, हे नीट लक्षात ठेवा कारण इथे खूप जणींची गडबड होते. आपल्याकडे 10 नंबरची सुई म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर. हे जुने ब्रिटिश नंबर आहेत, नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकेत बरोबर उलटं, तिथे नंबर वाढला की सुई जाड होते, त्यामुळे दुकानात जाऊन 10 नंबर मागितलात तर चांगली 6 मिलिमीटरची जाडजूड सुई हातात येईल. तुमच्या 10 नंबरला तिथे 3 म्हणतात आणि 8 नंबरला 6. सरळ मिलिमीटरमध्ये बोलायचं, सुईवर किंवा पाकिटावर ते लिहिलेलं असतंच. आणि महागाच्या लाकडी सुया तिथून आणायचा मोह झाला तर थांबा, निटप्रो आपल्याच देशात बनतात आणि त्याच अमेरिकेत निटर्स प्राईड या नावाने विकल्या जातात, इथूनच घेऊन जा.

लोकर तिथे घ्या असं माझं मत, आणि घेताना लेकीला बरोबर न्या. तिकडे कपडे मशीनला धुतात आणि लगेच ड्रायरमध्ये टाकतात, साधी लोकर त्यात आटून बाहुलीच्या मापाची होते, तेव्हा लेबलवर सुपरवॉश, म्हणजे मशीनला धुतली तरी न आटणारी, असं लिहिलेली घ्या किंवा मऊ कॉटन घ्या, आणि सुपरवॉश असली तरी ड्रायर चालतो का ते लेबलवर वाचा. बाळाचं अंग नाजूक असतं म्हणून गुंडा गालाला लावून बघायचा, गालाला टोचला तर तो बाळासाठी नाही. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे बघून एकदम घ्या, नंतर तोच रंग मिळाला तरी छटा थोडी वेगळी येते आणि दुपट्यात ती लगेच दिसते.

अजून एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे तिथे गेल्यावर मन दुखायला नको. तिकडचे बाळांचे डॉक्टर सांगतात की पहिलं वर्षभर पाळण्यात झोपलेल्या बाळावर सुटं पांघरूण घालायचं नाही, घरात झोपताना टोपी नाही, आणि कारच्या सीटमध्ये पट्ट्यांच्या आत जाड स्वेटर किंवा कोट नाही. लेक किंवा जावई हे बोलले तर तुमच्या विणकामाला नाव ठेवताहेत असं समजू नका, बाळाचा श्वास कोंडू नये, पट्टे सैल राहू नयेत म्हणून आहे ते. दुपटं विणाच, कारमध्ये पट्टे लावून झाल्यावर वरून पायावर घालायला, बाबागाडीत आणि मांडीवर घेऊन बसायला ते रोज लागेल. फक्त मोठ्या जाळीची वीण नको, बाळाची इवली बोटं आणि अंगठे त्यात अडकतात. सुलट-उलटचा छोटा चौकडा घ्या, दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो.

आणि कंटाळ्याचं म्हणाल तर लेकीला गावातल्या पब्लिक लायब्ररीची चौकशी करायला सांगा. तिकडे बऱ्याच लायब्रऱ्यांमध्ये आठवड्यातून एकदा विणणाऱ्या बायका जमतात, पैसे नसतात. इंग्रजी फार येत नाही म्हणून मागे राहू नका काकू, हातातलं काम बघून बोलणं आपोआप सुरू होतं, आणि आपल्या जुन्या कुंचीचा नमुना घेऊन गेलात तर तुम्हालाच सगळ्या घेरून बसतील.

प्रश्न: मुलगा एडिनबराला शिकतोय, सप्टेंबरात त्याच्याकडे जाणार आहोत. चार-पाच दिवस मला मोकळे मिळतील. फेअर आयल ही रंगीत नक्षीची विण मी व्हिडिओ बघून शिकलेय, ती जिथली त्या स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवर जावं असं फार वाटतं पण घरचे म्हणतात लोकर बघायला कोणी एवढ्या लांब जातं का. जाऊ का? (एक विणकर, कोथरूड)

उत्तर: जा! नक्की जा, आणि घरच्यांना हे उत्तर वाचायला द्या.

एडिनबराहून अॅबरडीनला ट्रेन, साधारण अडीच तास. तिथून संध्याकाळी शेटलंडच्या लेरविक गावाची बोट निघते, रात्रभर समुद्रात, 12 ते 14 तास लागतात, सकाळी उतरलं की गावात. समुद्र खवळलेला असू शकतो म्हणून उलटीची गोळी आधीच घेऊन झोपायचं. सप्टेंबरच्या शेवटी जाणार असाल तर शेटलंड वूल वीक तेव्हाच असतो, 2010 पासून सुरू झालाय, जगभरातून विणणारे लोक येतात, पण मग राहायची जागा आणि क्लासेस कित्येक महिने आधी बुक करावे लागतात. गर्दी नको असेल तर त्याच्या आधीच्या आठवड्यात जा, दुकानं आणि म्युझियम तेव्हाही असतातच.

लेरविकला जेमिसन अँड स्मिथचं दुकान आहे, ते मुळात लोकरीचे व्यापारी, तिथले शेतकरी कातरलेली लोकर त्यांना विकतात आणि त्यातूनच धागा तयार होतो. आणि जेमिसन्स ऑफ शेटलंड हे वेगळं, नावं सारखी म्हणून गोंधळ होतो, त्यांची गिरणी सँडनेसला आहे आणि लेरविकच्या मेन रस्त्यावर दुकान. रंग बघून डोकं गरगरेल. पण मी सांगेन की रंगवलेल्या लोकरीच्या आधी न रंगवलेली बघा, शेटलंडची मेंढी पांढरी, करडी, तपकिरी, काळी अशी कितीतरी रंगांची असते आणि नुसत्या त्या रंगांवर अख्खा फेअर आयल बनियन, म्हणजे बिनबाह्यांचा स्वेटर, होतो.

आता तुम्ही व्हिडिओवर शिकलात म्हणून मुद्दाम लिहिते. फेअर आयल मध्ये एका ओळीत दोनच रंग असतात हे तुम्हाला माहितीये, पण ते का जमतं ते तिथे गेल्यावर कळतं. शेटलंडची लोकर किंचित चिकट असते, शेजारच्या धाग्याला धरून राहते, म्हणून तिथल्या बायका स्वेटर पुढून न उघडता अख्खा गोल विणतात आणि मग सरळ कात्री घेऊन मधून कापतात आणि कडेला पट्टी विणतात. टाके उसवत नाहीत! आपल्या अॅक्रिलिकवर हे करायला गेलात तर सगळं निसटेल. म्हणजे तंत्र आणि मेंढी वेगळी काढताच येत नाही, आणि हे स्क्रीनवर समजत नाही, बोटांनाच समजतं.

तिथे कमरेचा पट्टा मिळतो, चामड्याचा, त्यावर भोकं पाडलेली गादी असते आत घोड्याचे केस भरलेले, त्यात उजव्या सुईचं टोक खोचायचं म्हणजे सुईचा भार पट्ट्यावर जातो आणि उजवा हात धाग्यासाठी मोकळा. त्यांच्या बोलीत त्याला मेकिन बेल्ट म्हणतात. पूर्वी बायका पाठीवर पीटची, म्हणजे जळणासाठी दलदलीतून खणलेल्या मातीची, टोपली घेऊन चालता चालता विणायच्या ते याच्यामुळेच. हौस म्हणून नाही हो विणायच्या, पोटासाठी. आणि मोबदला सुद्धा रोख मिळायचा नाही, व्यापारी विणकामाच्या बदल्यात चहा, कापड असला माल द्यायचे, 1872 मध्ये सरकारी आयोगाने याची चौकशी केली तेव्हा तिथल्या बायकांनी स्वतः साक्षी दिल्या होत्या. पुढे 1920 च्या दशकात इंग्लंडच्या युवराजाने, एडवर्डने, फेअर आयल स्वेटर घातला आणि तो फॅशनमध्ये आला. मला त्या युवराजापेक्षा साक्ष देणाऱ्या बायका जास्त महत्त्वाच्या वाटतात, ती विण अंगावर घालताना त्यांची आठवण ठेवायला हवी असं मला खरंच वाटतं.

शेटलंड म्युझियमला अर्धा दिवस द्याच. तिथे अन्स्ट बेटाची लेस बघा, अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार जाईल इतकी बारीक. आणि गनिस्टरच्या माणसाचे कपडे बघा, 1951 मध्ये पीट खणताना एका माणसाचे अवशेष सापडले, सतराव्या शतकाच्या शेवटाचे, त्याच्या टोप्या, हातमोजे, मोजे आणि एक छोटी रंगीत नक्षीची विणलेली पिशवी, पिशवीत डच आणि स्वीडिश नाणी. मूळ वस्तू एडिनबराच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत, शेटलंडला प्रतिकृती. तीनशे वर्षांपूर्वीचे टाके तुमच्या-माझ्यासारखेच सुलट-उलट, मी तर त्या काचेसमोरून हलतच नव्हते.

खरेदी मात्र हात राखून. एका बनियनपुरती लोकर घ्या, पुण्यात डिसेंबरच्या सकाळी बिनबाह्यांचा बनियन मस्त चालतो, पूर्ण स्वेटर कपाटात पडून राहील. उरलेले पैसे एखाद्या क्लासला द्या, पट्टा लावून विणायला शिकवतात तो मिळाला तर सगळ्यात भारी.

प्रश्न: दिराने आइसलंडहून लोकरीचे गुंडे आणले, खूप टोचते. ठाण्यात हिचं करू काय? (एक वाचक, ठाणे)

उत्तर: ती लोपी, म्हणजे आइसलंडची खास लोकर, असणार. आइसलंडच्या मेंढीच्या अंगावर दोन थर असतात, बाहेरचे लांब राठ केस पाणी आत येऊ देत नाहीत आणि आतले मऊ केस ऊब धरतात, लोपीमध्ये दोन्ही एकत्र कातलेले असतात म्हणून हलकी असते, गरम असते आणि टोचते. तो दोष नाही, पावसावाऱ्यात मेंढरांमागे आणि समुद्रावर जाणाऱ्या माणसांची लोकर आहे ती. तिकडे आत पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून वरून स्वेटर घालतात. तुमच्या घरात कोणी हिमालयात ट्रेकला जाणारं असेल तर त्याच्यासाठी गळ्याभोवती गोल नक्षी असलेला त्यांचा तो लोपापेयसा स्वेटर विणा, सगळा गोल विणायचा असतो, शिवण जवळजवळ नाहीच. नाहीतर सैलसर पिशवी विणा, 6 मिलिमीटरच्या सुईवर, आणि गरम पाणी आणि साबण लावून चोळून चोळून आटवा, नमद्यासारखी घट्ट होते आणि बाजारात न्यायला वर्षानुवर्षं टिकते.

प्रश्न: मी 27 वर्षांचा मुलगा, आईकडून विणायला शिकलो. कंपनीच्या कामाने जर्मनीला जायचंय, ट्रेनमध्ये, एअरपोर्टवर विणत बसायची इच्छा होते पण लोक बघतात म्हणून लाज वाटते. (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: अरे, बिनधास्त काढ सुया! पेरूमध्ये टिटिकाका तलावात ताकिले नावाचं बेट आहे, तिथे टोप्या पुरुषच विणतात, मुलं लहानपणीच शिकतात, आणि टोपीवरून माणूस लग्न झालेला की बिनलग्नाचा ते ओळखतात. युनेस्कोने 2005 मध्ये तिथल्या कापडकलेला मानवजातीचा वारसा म्हणून मान दिला. आणि टोकियो ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली, सोनं जिंकलेला माणूस, प्रेक्षकांत बसून विणत होता आणि मेडलला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने स्वतः विणलेली पिशवी जगाला दाखवली. जर्मनीत तर मोज्यांची लोकर म्हणून खास बारीक धागा मिळतो, लोकरीत थोडं नायलॉन असतं म्हणून टाच लवकर झिजत नाही, बहुतेक 100 ग्रॅमच्या गुंड्यात मोज्यांचा एक जोड होतो. प्रवासात मोज्यांसारखं सोयीचं काम नाही, खिशात मावतं. पहिला जोड आईला दे.

प्रश्न: परदेशातून आणलेल्या शालींना पावसाळ्यानंतर कसर लागते. डांबर गोळ्या ठेवू का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: कसर लोकर खाते, त्यात घामाचा, जेवणाचा डाग असेल तर अजून लवकर येते, म्हणून शाल न धुता कधीच ठेवायची नाही. गार पाण्यात रिठ्याचं पाणी घालून बुडवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून वाळवा, दोरीवर टांगलीत तर ओघळून लांब होईल. पूर्ण वाळल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून ठेवा. कसर आधीच लागली असेल तर तशीच बंद पिशवी आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बाहेर काढून झटका आणि मग धुवा. डांबर गोळ्या मोठ्यांच्या कपड्यांत ठेवल्यात तर घालायच्या आधी चांगलं वारं लागू द्या, पण घरात तान्हं बाळ असेल तर त्या नकोतच, त्याच्या कपड्यांत, पांघरुणात तर अजिबात नाही, काही बाळांना त्यांच्यामुळे रक्तातल्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.