पौलाच्या नावावरची 13 पत्रं खरंच पौलानेच लिहिली का? काही त्याची नसतील तर ती बायबलमध्ये का ठेवली आहेत?

तुमच्या प्रश्नाला दोन भाग आहेत, आणि दुसरा भाग पहिल्यापेक्षा अवघड आहे. मी मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेली ख्रिस्ती आहे. नवा करार मूळ ग्रीकमध्ये वाचता यावा म्हणून ती भाषा शिकले, आणि ती मुख्यतः या पत्रांसाठीच. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी सरळ उत्तर देते. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, 27 पुस्तकं आहेत, त्यांपैकी 21 पत्रं. त्यांतली 13 पौल या पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती प्रेषिताच्या नावाने सुरू होतात. रोमकरांस, करिंथकरांस दोन्ही, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला, ही सात पौलाचीच आहेत याबद्दल आज अभ्यासकांत जवळजवळ वाद नाही. तीमथ्याला दोन आणि तीताला एक, ही तिन्ही त्याची नाहीत असं बहुतेक अभ्यासक मानतात. मलाही तसंच वाटतं. इफिसकरांस, कलस्सैकरांस आणि थेस्सलनीकाकरांस दुसरं या तिघांवर मतं खरोखर विभागलेली आहेत. इब्री लोकांस पत्राच्या मजकुरात तर लेखकाचं नावच नाही. ते पौलाच्या खात्यावर परंपरेने टाकलं.

या शंका गेल्या दोनशे वर्षांत चर्चच्या विरोधकांनी काढल्या, असं आमच्यातल्या अनेकांना वाटतं. पण तिसऱ्या शतकात ओरिगेन हा ख्रिस्ती पंडित इब्री लोकांस पत्राबद्दल लिहून गेला की विचार प्रेषिताला शोभणारे आहेत, पण भाषेची घडण त्याची नाही. पत्र कोणी लिहिलं हे खरं तर देवालाच ठाऊक. त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने योहानाचं शुभवर्तमान आणि प्रकटीकरण यांची ग्रीक तुलना करून सांगितलं की ही दोन पुस्तकं एका हातची असू शकत नाहीत. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या युसेबियसने या पुस्तकांची चक्क प्रतवारी लावली. त्याने याकोबाचं, यहूदाचं आणि पेत्राचं दुसरं ही पत्रं वादग्रस्त गटात ठेवली. ज्या लोकांनी नवा करार जपून आपल्यापर्यंत पोचवला, त्यांच्यातच हे प्रश्न उघडपणे विचारले जात होते.

दुसऱ्या बाजूने एक सोयीचं उत्तरही दिलं जातं, आणि ते मला तितकंच चुकीचं वाटतं. ते असं, की त्या काळी गुरूच्या नावाने शिष्याने लिहिणं रूढ होतं, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. टर्टुलियन हा प्राचीन ख्रिस्ती लेखक सांगतो की आशिया प्रांतातल्या एका मंडळीच्या वडिलाने पौल आणि त्याची शिष्या थेक्ला यांची कथा स्वतः रचून पौलाच्या नावावर चालवली. उघडकीस आल्यावर, पौलावरच्या प्रेमापोटी मी हे केलं, असं तो म्हणाला, आणि त्याचं पद गेलं. सन 200 च्या सुमाराला अंत्युखियाचा बिशप सेरापियन याने पेत्राच्या नावावर फिरणारं एक शुभवर्तमान नाकारताना लिहिलं, की प्रेषितांना आम्ही ख्रिस्ताप्रमाणेच मानतो, पण त्यांच्या नावाने खोटं खपवलेलं आम्ही स्वीकारत नाही. एखादं लेखन टिकलं याचा अर्थ वाचकांनी बनावट चालवून घेतली असा नाही. ते खरंच प्रेषिताचं आहे असं त्यांना वाटलं, म्हणून ते टिकलं.

मग ओळखायचं कसं? इथे आधी ‘लिहिणं’ म्हणजे तेव्हा काय होतं ते पाहावं लागतं. पौल मजकूर सांगायचा आणि लेखनिक उतरवून घ्यायचा. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात लेखनिक मध्येच स्वतःच्या नावाने नमस्कार सांगतो: हे पत्र लिहिणारा मी तर्तियस. गलतीकरांस पत्राच्या शेवटी पौल स्वतः लेखणी हातात घेतो आणि म्हणतो, पाहा, मी केवढ्या मोठ्या अक्षरांत लिहितो आहे. शिवाय पत्रांच्या आरंभी सहप्रेषक असतात, कधी सोस्थनेस, कधी सिल्वान, बऱ्याचदा तीमथ्य. त्यामुळे शैलीतला थोडाफार फरक लेखनिकाच्या माथी मारता येतो. मात्र लेखनिक बदलला म्हणून माणसाची मतं बदलत नाहीत.

खरं पत्र कसं असतं ते पाहायचं असेल तर फिलेमोनाला लिहिलेलं पाहा. 25 वचनं, ग्रीकमध्ये साडेतीनशे शब्दसुद्धा नाहीत. फिलेमोनाचा दास अनेसिम मालकापासून दुरावून पौलाकडे आला आहे. पौल त्याला परत पाठवतो आहे आणि मालकाची मनधरणी करतो आहे. त्याने काही नुकसान केलं असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी भरीन, हे मी स्वतःच्या हाताने लिहितो, असं म्हणून लगेच आठवणही करून देतो की तू मात्र स्वतः माझ्या ऋणात आहेस. वर, माझ्यासाठी खोली तयार ठेव, अशी सूचना. यात कोणती शिकवण सिद्ध करायची नाही, कुणा पाखंड्याला उत्तर द्यायचं नाही. असं पत्र बनवून कुणाला काय मिळणार होतं?

याउलट लावदिकीयाकरांस म्हणून एक लॅटिन पत्र आहे. कलस्सैकरांस पत्राच्या शेवटी लावदिकीयाहून येणाऱ्या पत्राचा उल्लेख आहे, आणि ते पत्र तर कुठे सापडत नव्हतं. कुणीतरी ती जागा भरून काढली. फिलिप्पैकरांस पत्रातली वाक्यं इकडून तिकडून उचलून जोडलेली, स्वतःचं सांगण्यासारखं काहीच नाही. तरी 546 सालच्या फुल्डा हस्तलिखितात ते पौलाच्या पत्रांत बसलेलं आहे आणि पुढेही शतकानुशतकं लॅटिन बायबलांच्या प्रतींमध्ये उतरवलं गेलं. रोमन तत्त्वज्ञ सेनेका आणि पौल यांचा 14 पत्रांचा पत्रव्यवहारही असाच, चौथ्या शतकातला.

थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राने मला सगळ्यात जास्त छळलं आहे. पहिल्या पत्रात प्रभूचा दिवस रात्री चोर यावा तसा अचानक येणार आहे. दुसऱ्यात आधी धर्मत्याग, मग तो अधर्माचा पुरुष प्रकट होणार, आणि त्यानंतर तो दिवस. मांडणी मात्र पहिल्या पत्राच्या पावलावर पाऊल टाकत जाते. आणि याच पत्रात बजावलं आहे की आमच्याकडून आल्यासारख्या एखाद्या पत्राने गांगरून जाऊ नका. शेवटी, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितो, प्रत्येक पत्रात हीच खूण असते. पत्र पौलाचं असेल, तर तो जिवंत असतानाच त्याच्या नावाची खोटी पत्रं फिरण्याची भीती होती. नसेल, तर बनावटीपासून सावध करणारं पत्रच बनावट. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद मी वाचले आहेत आणि माझा कल पत्र पौलाचंच असण्याकडे थोडा अधिक आहे. ज्यांचा उलटा आहे त्यांचं म्हणणं मला समजतं.

इफिसकरांस पत्राबद्दल थोडक्यात. पहिल्या अध्यायातली 3 ते 14 ही वचनं ग्रीकमध्ये एकच सलग वाक्य आहे. पौलाचा सहकारी तुखिक याला पाठवत असल्याचा मजकूर कलस्सैकरांस पत्रातल्या मजकुराशी जवळजवळ शब्दशः जुळतो. आणि सर्वांत जुन्या प्रतींत ‘इफिसातील’ हा शब्दच नाही. दुसऱ्या शतकात मार्किओन हा पाखंडी ठरवला गेलेला शिक्षक या पत्राला लावदिकीयाकरांस म्हणायचा.

आता तीमथ्य आणि तीत या पौलाच्या सहकाऱ्यांना लिहिलेली पत्रं. जर्मनीत श्लायरमाखर या धर्मशास्त्रज्ञाने 1807 साली तीमथ्याला पहिल्या पत्रावर शंका घेतली. 1921 साली पी. एन. हॅरिसन या अभ्यासकाने मोजदाद करून दाखवलं की विशेषनामं वगळता या तीन पत्रांत 848 वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यांतले 306 पौलाच्या नावावरच्या उरलेल्या दहा पत्रांत एकदाही येत नाहीत. या मोजणीवर टीका झाली, आणि ती रास्तही आहे: मजकूर तोकडा आहे, विषय बदलला की शब्द बदलतात. मला पटवलं ते आकड्यांनी नाही, विधवांनी. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल अविवाहितांना आणि विधवांना सांगतो की माझ्यासारखे राहिलात तर बरं. तीमथ्याला पहिल्या पत्रात मंडळीच्या यादीत नाव घालायला विधवेचं वय किमान 60 हवं, आणि तरुण विधवांनी लग्न करावं, मुलं जन्माला घालावीत, घर सांभाळावं. करिंथकरांना लिहिणारा माणूस काळ आता थोडाच उरला आहे असं धरून बोलतो. तीमथ्याला लिहिणारा पुढच्या पिढ्यांसाठी घडी बसवतो आहे. त्याच्याकडे अध्यक्ष आहेत, सेवक आहेत, त्यांच्या पात्रतेचे नियम आहेत, आणि विश्वास ही जपून ठेवायची ठेव झाली आहे.

नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले, ती नामसाधर्म्यामुळे झालेली सरमिसळ होती. इथे तसं झालेलं नाही; इथे लिहिणारा स्वतःला पौलच म्हणवतो. तीमथ्याला दुसऱ्या पत्रात पौल म्हणतो की त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा घेऊन ये, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. इतका घरगुती तपशील पाहून काहींना हे एक पत्र तरी खरं वाटतं, आणि हॅरिसनलाही यात पौलाच्या खऱ्या चिठ्ठ्यांचे तुकडे दिसले. तुकड्यांची शक्यता मी नाकारत नाही.

पौलाच्या पत्रांचा आपल्याकडे असलेला सर्वांत जुना संग्रह म्हणजे सन 200 च्या सुमाराची पपायरसची वही. तिची 86 पानं उरली आहेत, काही डब्लिनला, काही अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात. वही दुमडून शिवलेली असल्यामुळे शेवटची किती पानं गळाली ते मोजता येतं, आणि तीमथ्याची दोन व तीताचं एक ही पत्रं तेवढ्यात मावत नाहीत. उत्तरार्धात लेखनिक अक्षरं दाटीवाटीने लिहू लागला होता, म्हणजे जागा कमी पडणार हे त्याच्या लक्षात आलं असावं. त्यामुळे यावरून ठाम निष्कर्ष मी काढणार नाही.

हे सगळं नुसतं पंडिती कुतूहल नाही. तीमथ्याला पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात लिहिलं आहे की स्त्रीने शिकवावं किंवा पुरुषावर अधिकार चालवावा याला माझी परवानगी नाही. हे वचन ऐकतच मी मोठी झाले. पण रोमकरांस पत्राचा शेवटचा अध्याय काढा. किंख्रियातल्या मंडळीत सेवा करणाऱ्या फिबीची पौल शिफारस करतो, आणि ते पत्र बहुधा तीच रोमला घेऊन गेली. मंडळीच्या कामात असलेल्या प्रिस्का आणि युनिया याही स्त्रिया तिथे आहेत. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात स्त्रिया सभेत प्रार्थना करतात, संदेश देतात, हे तो गृहीतच धरतो. वाद फक्त डोक्यावरच्या आच्छादनाचा आहे. त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात स्त्रियांनी गप्प बसावं अशी दोन वचनं आहेत खरी, पण काही जुन्या हस्तलिखितांत ती वेगळ्या जागी, अध्यायाच्या शेवटी येतात. ती समासातून आत शिरली असावीत, असं मानणारे अभ्यासक आहेत आणि मीही त्यांतली एक आहे. ज्या मराठीत पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल आणलं, त्या मराठीत व्यासपीठावरून एखाद्या बाईला ‘पौल म्हणतो गप्प बस’ असं सांगितलं जातं, तेव्हा कुठला पौल, हे विचारायचा हक्क तिला आहे.

छाननी झाली की सगळंच ढासळतं असं समजू नका. अंत्युखियाचा प्राचीन बिशप इग्नेशियस याच्या नावावर एके काळी 13 पत्रं होती, भर घातलेली आणि फुगवलेली. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याने ती तुच्छतेने बाजूला सारली होती. मग आर्चबिशप जेम्स अशर याच्या लक्षात आलं की काही मध्ययुगीन इंग्रज लेखक इग्नेशियसची जी वाक्यं देतात ती छापील मजकुराशी जुळत नाहीत, पण युसेबियससारख्या प्राचीन लेखकांनी दिलेल्या उताऱ्यांशी जुळतात. म्हणजे इंग्लंडमध्ये कुठेतरी वेगळी, शुद्ध प्रत असणार. त्याने तिचं लॅटिन भाषांतर हुडकून काढलं आणि 1644 मध्ये छापलं. दोन वर्षांनी आयझॅक वोस या विद्वानाने फ्लोरेन्सच्या हस्तलिखितातून ग्रीक मजकूर छापला. आज सात पत्रं बहुतेक सगळे अस्सल मानतात. संशय घेतला गेला म्हणून ती सात आपल्याला परत मिळाली.

आता तुमचा दुसरा प्रश्न. 367 साली अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने आपल्या पुनरुत्थानाच्या सणाच्या पत्रात जी यादी दिली, तिच्यात आजची 27 पुस्तकं नेमकी येतात. त्या काळच्या लोकांनी तीमथ्याची पत्रं पौलाची समजूनच घेतली, हे मान्य करायलाच हवं. लेखक कोण याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हतं, असं म्हणणं खोटं होईल. तरी यादी म्हणजे एका माणसाचं समग्र वाङ्मय नव्हे. पौलाने करिंथकरांना आधी आणखी एक पत्र लिहिलं होतं. पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो स्वतः ते सांगतो, आणि ते हरवलं आहे. उद्या ते इजिप्तच्या वाळूत सापडलं आणि शंभर टक्के पौलाचं ठरलं, तरी कोणतीही मंडळी ते बायबलमध्ये घालील असं मला वाटत नाही. तीमथ्याला पहिलं पत्रही बाहेर निघणार नाही, आणि निघावं असं मलाही वाटत नाही. प्रेषित गेल्यावर मागे राहिलेल्या लोकांनी विधवांचं, गरिबांचं, पुढाऱ्यांचं काय केलं ते त्यातच दिसतं. मला एवढंच हवं आहे की ते त्याच्या काळातलं म्हणून वाचावं, आणि रोमकरांस पत्रातल्या फिबीचं तोंड बंद करायला वापरू नये.

स्वतः पडताळून पाहायचं असेल तर आधी फिलेमोनाला पत्र वाचा. मग थेस्सलनीकाकरांस दोन्ही पत्रं शेजारी ठेवून, आणि त्यानंतर करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय आणि तीमथ्याला पहिल्या पत्राचा पाचवा. मराठी भाषांतरातसुद्धा फरक जाणवतो. वाचून झाल्यावर तुमचं मत माझ्याहून वेगळं झालं तर जरूर लिहा, विशेषतः थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राबद्दल.