संध्याकाळचा ताप आणि कचऱ्यातली बुरशी : वाचकांची प्रश्नोत्तरे

पावसाळा सरता सरता तुर्भे, दिवा, डायघरकडून सुका कचरा निवडणाऱ्यांची तीच ती विचारणा सुरू होते.

प्रश्न : शिफ्टनंतर गूळ खाल्ला की छातीतली धूळ उतरते ना?

नाही. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात.

प्रश्न : ठेकेदार निळा सर्जिकल मास्क देतो. नसला की आम्ही ओला रुमाल बांधतो. चालेल?

दोन्ही नको. अ‍ॅस्परजिलस बुरशीचे बीजाणू जेमतेम २ ते ३ मायक्रॉनचे. गालाजवळच्या फटीतून सरळ आत जातात. एन९५ मागा (दाढी असेल तर तोही नीट बसत नाही). मास्क ही कुणाची मेहेरबानी नव्हे, घनकचरा नियमांतच तसं लिहिलंय.

प्रश्न : मिस्टरांना कामावरून आल्यावर रात्री कणकण, कोरडा खोकला, धाप. रविवारी काहीच नाही. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले, आता डॉक्टर टीबीच्या गोळ्या म्हणतात.

ताई, रविवारचं डॉक्टरांना सांगितलंत का? त्यांनी तरी कामाचं विचारलं का? भिजून वाळलेल्या पुठ्ठ्यांचा गठ्ठा फोडला की हिरवट-राखाडी भुकटी उडते. ती श्वासात गेल्यावर ताप चढतो चार ते आठ तासांनी, म्हणजे माणूस घरी पोचल्यावर. त्यामुळे कामाचा संशयच कुणाला येत नाही. ही फुप्फुसाची अ‍ॅलर्जिक सूज असू शकते. तिला अँटिबायोटिक लागू पडत नाही. बरं वाटतं ते घरी राहिल्यामुळे! आणि असंच वर्षानुवर्षं रेटलं तर फुप्फुसात कायमचे व्रण पडतात. टीबी नाहीच, असं मी पत्रावरून म्हणणार नाही. पण आधी थुंकी तपासा. छातीरोगतज्ज्ञांना याच आठवड्यात दाखवा. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून परत फिरू नका; फुंकायची चाचणी आणि ते म्हणाले तर सीटी स्कॅन करून घ्या. महिन्याचा पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयसीची (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याची) चौकशी करा.

प्रश्न : शेडमध्ये ब्लोअरने धूळ उडवतात.

बंद करायला लावा.

प्रश्न : लघवीतलं ‘बुरशीचं विष’ मोजून डिटॉक्स पावडर देणारं पॅकेज घ्यावं का?

पैसे वाचवा. अ‍ॅफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषामुळे यकृताचा कॅन्सर होतो हे खरं, पोर्तुगालमध्ये कचरा-कामगारांच्या रक्तात ते सापडलंही आहे. पण खवट, बुरसट शेंगदाण्यांतूनही ते पोटात जातं. कामाचं किती नि जेवणाचं किती, हे त्या आकड्यावरून कसं कळणार? आणि ते धुऊन काढणारी पावडर नाही. त्यापेक्षा हिपॅटायटिस बीची तपासणी करा, कारण तो असेल तर हा धोका कैक पटींनी वाढतो. पॉझिटिव्ह आलात तर यकृताच्या डॉक्टरांकडे जा, नसाल तर लशीबद्दल विचारा.